अक्षर अर्ध्यावरच पडतं

लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला 30 किंवा इंग्रजीत 40 शब्दांचा वेग लागतो. म्हणून वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथली पोरं आजही टायपिंगच्या क्लासला जातात. परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. 2017 साली हाताच्या मशीनवरची परीक्षा बंद झाली आणि संगणकावरची तेवढी उरली. मशीन गेली म्हणजे खडखडाटही गेला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. वाशीमच्या पाटणी चौकाजवळच्या एका क्लासात तो यंदा परत आला आणि त्यावरून मामा-भाचीत चांगलीच जुंपली.

क्लास मामांचा. प्लायच्या पार्टिशनपलीकडे स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका आहे, ती भाची चालवते. मामांनी बटणं अडकणारे जुने कीबोर्ड काढून दहा मेकॅनिकल कीबोर्ड बसवले. तेही निळ्या स्विचचे, दाबल्यावर टक वाजणारे. थोड्याच दिवसांत अभ्यासिकेतली पोरं तक्रार घेऊन भाचीकडे आली. मी शेजारी. दोघांचं बोलणं ऐकत होतो आणि मधून मधून तोंडही घालत होतो. हा वाद इथे मांडायचं कारण एवढंच की कीबोर्ड नेमका कशानं वाजतो, हे विकत घेणाऱ्याला कुणी धड सांगत नाही.

“मामा, हे कीबोर्ड काढा. तिकडे पोरं कानात बोळे घालून बसली आहेत.”

“काढून काय बसवू? रबराचे? त्याच्यावर बोट ठेवलं का चिखलात पाय ठेवल्यावानी लागते. अक्षर पडलं का नाही, पोराले समजतच नाही. मंग थे नजर काढते उताऱ्यावरून अन् पायते स्क्रीनकडे. तिथंच स्पीड गेली समज.”

“पण आवाजाशिवाय समजत नाही असं थोडंच आहे?”

“अवं, मी आवाजावरच शिकवलं सारी जिंदगी. गोदरेजच्या मशिनी होत्या आपल्या इथं. डोळे मिटून खुर्चीवर बसलो तरी मले समजे, का तिसऱ्या रांगेतल्या पोराचा ताल तुटला.”

हे मामांचं बोलणं खरं आहे, आणि ते का खरं आहे हे नीट समजून घ्यायला हवं. गोदरेजनं 1955 पासून मुंबईत टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि 2009 च्या सुमारास थांबवलं. मधल्या अर्ध्या शतकात महाराष्ट्रातल्या कचेऱ्या, कोर्टाबाहेरचे टंकलेखक आणि गावोगावचे क्लास या मशीनवर चालले. त्या मशीनमध्ये आवाज हा अक्षराचाच होता. बटण दाबलं की खिळ्याची पट्टी उसळून रिबनवर आपटायची, मागं कागद आणि रबरी रोलर. त्याच क्षणी कॅरेज एक दात पुढे सरकायचं, त्याचा वेगळा खट्ट. ओळ संपत आली की घंटी. उकार, अनुस्वार यांसारख्या खुणांना कॅरेज हलवायचं नसायचं, म्हणून त्या बटणांना फक्त आपटण्याचा आवाज, सरकण्याचा नाही. सरावलेल्या कानाला अक्षर कोणतं आणि खूण कोणती हे न बघता कळत असे. रोलर जुना होऊन कडक पडला की सगळा क्लास जास्त कर्कश वाजायचा. अशा वेळी शहाणा मास्तर कागदामागे आणखी एक कागद लावायला सांगायचा.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं. ती अमरावतीला शिकलेली, पण लहानपणी मामांच्या क्लासातच वाढलेली. तिनं एका कीबोर्डचं बटण चिमट्यानं उपसून काढलं. आत निळी दांडी, तिच्याभोवती पांढरं बारीक टोपण.

“मामा, आता हे हळू दाबा. अगदी हळू. आणि कान लावा.”

मामांनी बोट ठेवलं. दांडी जराशी खाली गेली आणि टक झालं.

“थांबा. आणखी दाबू नका. अक्षर पडलं?”

स्क्रीनवर अक्षर होतं.

“आता पुढे दाबा.”

दांडी तळाला टेकली. ठप्प असा जाड आवाज आला.

“आता सोडा.”

सोडल्यावर दांडी वर येऊन झाकणाला आपटली. तिसरा आवाज, हलका.

“एका अक्षराचे तीन आवाज,” भाची म्हणाली. “पहिला या पांढऱ्या टोपणाचा. ते मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. अर्ध्यावर ते झटकन निसटतं आणि खाली आपटतं. कंपनीनं तो आवाज मागून घेतलेला आहे. दुसरा आवाज तुमच्या बोटाचा. दांडीची सगळी चाल 4 मिलिमीटरची, अक्षर पडतं 2 च्या आसपास. पुढच्या 2 मिलिमीटरांत संगणकाला काहीही मिळत नाही. तिथे तुम्ही फक्त प्लास्टिकवर प्लास्टिक आपटता. तिसरा स्प्रिंगचा, तो सुटता सुटत नाही.”

“म्हंजे माह्या हाताचा दोष?”

“दोष नाही. सवय. मशीनवर पट्टी कागदापर्यंत पोचायलाच लागायची. अर्धा ठोका दिला तर अक्षर फिकं यायचं. तुमच्या बोटांना शेवटपर्यंत जायची शिकवण आहे. इथं अक्षर अर्ध्या रस्त्यातच पडून मोकळं होतं.”

मला विचाराल तर सगळ्या वादाचा कणा इथे आहे. मशीनला ठोका हवा होता, कीबोर्डला नुसता स्पर्श पुरतो. टक न वाजणारा लाल स्विच असेल तर अक्षर पडायला 45 ग्रॅमच्या आसपास जोर बास होतो. तरी आपल्या क्लासांतून पोरांना ‘ठोका मारा’ असंच शिकवलं जातं. शिकवणारे मशीनवर तयार झाले, त्यांनी शिकवलेले आता शिकवताहेत, आणि ठोका पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकतो आहे.

मामा मात्र हटले नाहीत. “मंग थो पयला टक कंपनीनं कायले ठेवला? येडे होते का थे?”

येडे नव्हते. आयबीएमच्या 3270 मालिकेतल्या काही टर्मिनलांच्या कीबोर्डांत तर आवाज काढण्यासाठी वेगळी विजेवर चालणारी कळ बसवली होती. प्रत्येक बटणाला ती आतून कवचावर ठोका द्यायची. हाताला टाइपरायटरची सवय असलेल्या माणसाला यंत्रानं आपलं ऐकलं, याची खूण हवी होती. 1980 च्या दशकात चेरी कंपनीनं एमएक्स जातीचे स्विच काढले, त्यातल्या निळ्या दांडीत ही खूण सोप्या रीतीनं आली. आपल्याकडे हा आवाज घराघरांत नाही तरी कचेरी-कचेरीत पोचवला तो टीव्हीएस गोल्डनं. बँक, डीटीपीचं दुकान, सरकारी कार्यालय, जिथे दिवसभर टायपिंग चालायचं तिथे हा कीबोर्ड असायचा. तो लवकर मरत नाही, आणि त्याचे जुने चाहते आजही दुसरा हातात धरत नाहीत. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर 2014 च्या सुमारास चिनी कंपन्यांनी तसलेच स्विच स्वस्तात काढले. मामांनी दहा कीबोर्ड एकदम घेतले ते या स्वस्ताईमुळेच.

“डीटीपीवाल्या जुन्या माणसाले विचार,” मामा म्हणाले. “टीव्हीएस गोल्ड काढून दुसरा देल्ला तं थो काम बंद करन.”

“तो दुकानात एकटा असतो, मामा. तुमच्याकडे दहा जण आहेत.”

“बरं मंग. पाच ठेवतो, पाच काढतो. झालं?”

मामांना वाटलं तोडगा निघाला. भाचीनं पाटीवर गणित मांडलं. सारख्या आवाजाचे दहा कीबोर्ड एकत्र वाजले की एकट्याच्या तुलनेत आवाज 10 डेसिबलनं वाढतो, आणि 10 डेसिबल वाढ माणसाच्या कानाला साधारण दुप्पट वाटते. दहातले पाच काढले तर कमी होतात फक्त 3 डेसिबल. एवढा फरक नीट लक्ष देऊन ऐकलं तर कळतो. पाच पोरांचे कीबोर्ड हिसकावून घेतल्यावरही अभ्यासिकेतल्या पोरांना फारसा आराम मिळणार नव्हता. दहाचे दोन केले तर 7 डेसिबल उतरतात, तिथे खरा फरक पडतो. आवाजाचा हिशेब बेरजेनं चालत नाही, म्हणून अर्धा-अर्धा करून समेट घडवण्याची आपली रीत इथे लागू पडत नाही.

मामा गप्प झाले, पण पाटीकडे बघत राहिले. मग उठून सरळ अभ्यासिकेत गेले. जाताना दार लावून घेतलं आणि इकडच्या पोरांना टाइप करत राहायला सांगितलं. बाहेर आले तेव्हा चेहरा बदललेला होता.

“बाई, तिकडं टक टक नाही येऊन रायली. धप धप येऊन रायली.”

आम्हीही जाऊन ऐकलं. दार उघडं असताना निळ्या स्विचची बारीक टकटक स्वच्छ यायची. दार लावलं की ती जवळजवळ नाहीशी व्हायची आणि उरायचा तो जाड, खालचा आवाज. याचं कारण आहे. बारीक सुराचा आवाज पातळ पार्टिशनसुद्धा बऱ्यापैकी अडवतं, जाड सुराचा मात्र त्यातून पार होतो. त्यात क्लासची टेबलं मशीनच्या काळातली, लोखंडी पत्र्याची, आणि रांगेतलं शेवटचं टेबल पार्टिशनला चिकटून. बोटाचा ठोका कीबोर्डच्या पोकळ कवचात घुमत होता, तिथून पत्र्यात, पत्र्यातून प्लायमध्ये. प्लायचा अख्खा पडदा अभ्यासिकेच्या बाजूनं हलत होता.

भाचीला हे पटायला वेळ लागला. तिचं सगळं म्हणणं निळ्या स्विचवर उभं होतं. तिनं अमरावतीहून आणलेला स्वतःचा लाल स्विचचा कीबोर्ड मामांपुढे ठेवला. लाल स्विचमध्ये टोपण नसतं, टक नसते, दांडी सरळ खाली जाते.

“यावर लिहा, मामा.”

मामांची बोटं चालली. टक गेली, पण धप धप तशीच. उलट स्पेसबार आणि शिफ्ट जास्तच खडखडले. या लांब बटणांखाली तोल राखायला तारेची कडी असते. ती कोरडी असली की प्लास्टिकच्या खोबणीत खुळखुळते. मराठी टायपिंगमध्ये याची भर जास्त पडते, कारण रेमिंग्टन मांडणीत पुष्कळशी अर्धी अक्षरं शिफ्ट धरून काढावी लागतात. ‘भारत’ लिहायचं तर शिफ्ट धरून अर्धा भ, मग भ पुरा करायला एक काना, मग शब्दाचा दुसरा काना, र आणि त. मराठी लिहिणाऱ्याचा शिफ्ट किती वाजतो, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मग भाचीनं निळ्या कीबोर्डवर तोच उतारा लिहिला. ती तळाला टेकवत नाही, अर्ध्यावरून बोट उचलते. टक टक होत होती, पण पार्टिशनपलीकडे जवळजवळ काही नाही. मामांच्या हाताखालचा लाल भाचीच्या हाताखालच्या निळ्यापेक्षा भिंतीपलीकडे जास्त ऐकू येत होता.

“पाय,” मामा म्हणाले. “मी म्हनत होतो ना, कीबोर्डाचा दोष नाही.”

“मी म्हणत होते ना, हाताचा आहे.”

दोघं एकमेकांचीच बाजू घेऊन भांडत होते, आणि तरी वाद मिटलेला नव्हता. कारण पुढचा प्रश्न मामांनी काढला, आणि तो सगळ्यात अवघड होता.

“पोरीले हलकं टाइप करणं शिकवलं. ठीक. थे गेली परीक्षेले. तिथं काय मेकॅनिकल कीबोर्ड असन का? नाही. तिथं रबराचा असते. त्याच्यावर अर्ध्यावर सोडलं तं अक्षर पडते का?”

नाही पडत. हा मामांचा मुद्दा मला लाखमोलाचा वाटतो. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराचा घुमट असतो आणि त्याखाली प्लास्टिकच्या पापुद्र्यांवर छापलेले विजेचे रस्ते. घुमट पूर्ण बसला की वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो आणि तेव्हाच अक्षर पडतं. म्हणजे तिथे जवळजवळ तळापर्यंत जावंच लागतं. रबर मऊ असतं म्हणून आपटल्याचा आवाज गिळला जातो. घरच्या मेकॅनिकलवर हलका हात बसवलेली मुलगी केंद्रावरच्या रबरी कीबोर्डवर गेली, तर तिची अक्षरं गळतील, आणि वेग असूनही चुका वाढतील. ज्या नोकरीसाठी घरचे चार पैसे बाजूला काढून क्लासची फी भरतात, तिथे ही चूक परवडणारी नाही.

भाचीनं हे लगेच मान्य केलं. “मग शेवटचा महिना रबरीवरच सराव.”

“अन् पयले दोन महिने?”

“पहिले दोन महिने नवीन पोरांना निळे. टक ऐकू आली की सोडायचं, हे शिकवायला तोच उपयोगी आहे. पण दोनच कीबोर्ड निळे. बाकीच्या आठांत लाल स्विच.”

मामांना नवीन कीबोर्डांचा खर्च दिसला. भाचीनं चिमट्यानं एक स्विच उपसून दाखवला. हे कीबोर्ड सोल्डर न करता स्विच बदलता येणारे होते. कवच, बटणं, तार, सगळं तेच. फक्त स्विच बदलायचे. हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

टेबलाचं मात्र मामांनीच सोडवलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी जाड, करड्या फेल्टच्या गाद्या काढल्या, मशीनखाली घालायच्या. धूळ झटकली आणि एकेका कीबोर्डखाली घातल्या. शेवटचं टेबल पार्टिशनपासून वीतभर ओढलं. आम्ही पुन्हा पलीकडे जाऊन ऐकलं. निळे सगळे दहा अजून जागेवर होते, हात तेच होते, पण धप धप खूपच उतरली होती. एक रुपयाही खर्च न होता.

मला इथे भाचीच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मामांना त्या आवाजात ताल ऐकू येतो, त्यांच्या आयुष्याचं काम त्यात आहे, आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण भिंतीपलीकडे बसून राज्यघटनेची कलमं पाठ करणाऱ्या पोराला त्या तालाशी काही देणंघेणं नाही. वाशीम 1998 साली अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून इथल्या पोरांनी सरकारी नोकरीच्या आशेनं खोल्या भाड्यानं घेऊन, अभ्यासिकेत जागा धरून वर्षं काढली आहेत. त्यांच्यासाठी शांतता ही चैन नाही. ज्याला आवाज हवा त्यानं तो आपल्या खोलीत ठेवण्याची तजवीज करावी. तजवीज करता येते, हे त्या दुपारी आम्ही तिघांनी पाहिलं.

मामांच्या बाजूनंही एक गोष्ट. कीबोर्ड म्हणजे नुसती वस्तू, दुकानातून आणली आणि लावली, असं नाही. त्यांच्यासारखा कान असलेला माणूस दाराच्या पलीकडे जाऊन उभा राहिला नसता, तर भाचीनं दहा स्विचसंच बदलले असते आणि तक्रार तशीच राहिली असती.

टायपिंगचा क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. नवीन कीबोर्ड घेण्याआधी जुने वाजत असताना दार लावा आणि शेजारच्या खोलीत जाऊन ऐका. टकटक ऐकू आली तर स्विच बदला. धप धप ऐकू आली तर टेबल भिंतीपासून हलवा, खाली फेल्ट किंवा जाड सतरंजीची घडी घाला आणि पोरांना तळ न आपटता टाइप करायला शिकवा. आणि परीक्षा जवळ आली की केंद्रावर कोणत्या जातीचे कीबोर्ड आहेत याची चौकशी करून, त्याच जातीच्या कीबोर्डवर त्यांचा हात बसवून घ्या.